निशी-कासाईतल्या पाळणाघराची वही

आजी-आजोबा हाताशी नसताना परदेशात पोर वाढवणं ही शिक्षाच, असं परदेशातल्या पालकपणावरच्या एका चर्चेत एकीनं लिहिलंय. पहिल्या हिवाळ्यापुरतं मान्य. पण आम्हाला आठवतं ते टोकियोतल्या निशी-कासाईचं पाळणाघर, आणि तिथली रोजची वही. सकाळी आम्ही लिहायचं: ताप किती, रात्री काय खाल्लं, मुलगी किती वाजता झोपली, शी झाली का. संध्याकाळी ताई त्यांच्या बाजूनं भरून द्यायच्या, आणि खाली दोन ओळी, म्हणजे आज वाळूत बसून कुणाशी भांडली वगैरे. नवरा भाषांतराचं अ‍ॅप धरून त्या मोठ्यानं वाचायचा. आमच्या सासूबाईंनीही इतकी चौकशी केली नसती! शिस्तही तशीच कडक. प्रत्येक डायपरवर मुलीचं नाव लिहायचं, आणि वापरलेले पिशवीत भरून घरी न्यायचे. (2023 मध्ये सरकारनेच ते पाळणाघरातच टाकावेत असं सुचवलं. आमच्या वेळी कुठलं आलंय ते नशीब.)

शिवाय तिथे रोज संध्याकाळी वस्तीतल्या सार्वजनिक भोंग्यावर वाजणाऱ्या गोड सुरावटीबद्दल त्या चर्चेत कुणीच लिहिलं नाही. ती ऐकली की बागेतली पोरं आपापली घराकडे वळतात. खरं तर ती भूकंप-त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा चालू आहे ना, याची रोजची चाचणी असते. हे कळलं तेव्हा मी जरा हबकलेच, पण "चल, वाजलं" म्हणून मुलीला झोपाळ्यावरून उतरवायला त्याच्याइतका बिनभांडणाचा उपाय मला पुण्यात अजून सापडलेला नाही.