एफ-१०० चा बॉक्स: आधी मध्य शोधा

१९३२ च्या फोर्डला १९५३-५६ च्या एफ-१०० ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स (चक्राचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरपेटी) बसवला, पण सरळ जातानाही स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो, असं म्हणताय. बॉक्सला दोष देण्याआधी जोडणी बघा. या बॉक्सचा वर्म-रोलर (आतला स्क्रूसारखा दांडा आणि त्यात बसणारा रोलर) मुद्दाम मध्यभागीच घट्ट ठेवलेला असतो, दोन्ही टोकांकडे ढिला. ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) सोडा, स्टिअरिंगचं चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणा. चाकं सरळ असताना बॉक्स तिथेच असला पाहिजे. नसेल तर ड्रॅग लिंकची लांबी बदला. अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले घालवायला गेलात तर मध्यावर बॉक्स जाम होईल. मी हा शहाणपणा एकदा करून बसलोय!

खड्ड्यात गाडी आपोआप वळत असेल तर मात्र ती वेगळी भानगड. ड्रॅग लिंकचं मागचं टोक शक्यतो विशबोनच्या (पुढचा अ‍ॅक्सल चेसिसला धरून ठेवणाऱ्या व्ही-आकाराच्या दांड्याच्या) मागच्या पिव्हटजवळ, म्हणजे तो ज्याभोवती हलतो त्या सांध्याजवळ, हवं, म्हणजे अ‍ॅक्सल वरखाली होताना दोघांचे कंस जुळतात. विशबोन मधोमध कापून त्याची टोकं चेसिसच्या दोन्ही बाजूंना नेली असतील, तर पिव्हटची जागाच बदललेली असते. अशा वेळी ड्रॅग लिंकचं टोक कुठे येतं ते ठरवायला आधी पुठ्ठ्याचा ड्रॉप आर्म (बॉक्सचा खाली लटकणारा हात, ज्याला ड्रॅग लिंक जोडतात) कापून बघा. आणि खऱ्या आर्मला वेल्डिंग? अजिबात नको.