'फुकटचे ३६०' म्हणणाऱ्यांना : डेंटलची तयारी, बायोलॉजी आणि अभ्यासक्रमातून गेलेले दात

गोदाकाठ
काल नीटच्या, म्हणजे मेडिकल-डेंटलच्या प्रवेश परीक्षेच्या धाग्यावर परभणीकर यांनी लिहिलं होतं, "बायो हा विषयच नाही, ते फुकटचे ३६० मार्क आहेत. एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ पाठ करा, डेंटल तर झोपेतसुद्धा मिळेल. ज्यांना जमत नाही त्यांनी रडगाणं गाऊ नये." तिथंच उत्तर द्यायला बसलो, पण ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझी मुलगी यंदा रिपीट करतेय. तिला डेंटलच करायचंय. फिजिक्सची तिला धास्ती नाही, केमिस्ट्री बरी जाते. अडतंय ते बायोलॉजीत, आणि तोच तिचा शाळेपासूनचा आवडता विषय. आता ते पुस्तक काढायचं म्हटलं की तिचा चेहरा उतरतो.

तिच्या वहीत जैवविविधतेच्या धड्याचं एक पान आहे. ॲमेझॉनचं जंगल : वनस्पती ४०,००० च्या वर, मासे ३,०००, पक्षी १,३००, सस्तन ४२७, उभयचर ४२७, सरपटणारे ३७८. दोन्ही ४२७ खाली लाल पेनने रेघा. त्याच पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, 'दुधाच्या दाताचं मूळ कुठे जातं?' हा प्रश्न तिने क्लासमध्ये विचारला होता. उत्तर मिळालं, "नीटला येत नाही, सोडून दे."

आणि खरंच येत नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात 'पचन आणि शोषण' हा धडा होता. दात जबड्याच्या हाडातल्या खोबणीत कसे बसतात, दोनदा कसे येतात, चार प्रकार कोणते, २१२३/२१२३ हे दंतसूत्र, सगळं त्यात होतं. छाटणीत तो धडा गेला आणि २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातूनही गेला. ज्या परीक्षेतून दाताचे डॉक्टर निवडायचे तिच्यात दात नाहीत. वनस्पतींची कुळं मात्र पाच आहेत. त्यातलं एकही आताच्या एनसीईआरटीत धड दिलेलं नाही, तिथं फक्त सोलॅनेसी उरलंय. नीटच्या अभ्यासक्रमातल्या प्राण्यांच्या यादीत तर 'कीटक (बेडूक)' असं छापलंय. झुरळ काढलं, बेडूक ठेवला आणि शब्द बदलायचा राहिला. हे आमच्या पोरांनी ओळ न् ओळ पाठ करायचं?

मला बायोलॉजी नको असं म्हणायचं नाही. विषयाची गोडी मारून टाकणारी परीक्षा नको, एवढंच म्हणणं आहे.

परभणीकर
माझंच वाक्य आहे, तर उत्तर देतो. काका, नीट म्हणजे शिक्षण नाही, चाळणी आहे. वीस लाखांच्या वर मुलं बसतात, ओएमआरवर गोळे रंगवतात. पुस्तकाच्या ओळीबाहेरचं विचारलं की कोर्टकचेरी सुरू. २०२४ ला अणूवरच्या एका प्रश्नाचं जुन्या एनसीईआरटीप्रमाणे एक उत्तर निघत होतं आणि नव्याप्रमाणे दुसरं. सुप्रीम कोर्टाला आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून उत्तर मागवावं लागलं आणि त्या एका प्रश्नाने टॉपर्सची यादी बदलली. म्हणून ओळ न् ओळ.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलोय. शहरातल्या क्लासची फी परवडत नव्हती. फिजिक्स कोणी शिकवल्याशिवाय येत नाही, पण बायो एकट्याने पुस्तक घेऊन करता येतं. १८० पैकी ९० प्रश्न त्याचे. टाय झाला तरी आधी बायोचेच मार्क बघतात. ही घोकंपट्टी नसती तर माझ्यासारखा पोरगा आज सरकारी मेडिकलला नसता. तुम्हाला ती गोडी मारणारी वाटते, मला तिने वर काढलं.

आणि एक. 'डेंटलच करायचंय' असं सगळेच म्हणतात, एमबीबीएस हुकल्यावर.

शेवगा
तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवली, त्यामुळे दोघांशीही असहमत. पाठांतराचा विषय हा तुम्ही लोकांनी केलाय.

रक्त गोठण्याचा भाग घ्या. प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन, फायब्रिनोजेनचं फायब्रिन, कॅल्शियम लागतं. ओळी पाठ केल्या तर आठवडाभरात विसराल. दात काढल्यावर त्या खड्ड्यात नेमकं काय चाललंय असं विचारून शिकवलं तर जन्मात विसरणार नाही. सोलॅनेसीला नावं ठेवता? वांगं, बटाटा, मिरची, टोमॅटो आणि तंबाखू, सगळी एका कुळातली. ज्याला पुढं लोकांच्या तोंडात बघायचंय त्याला तंबाखूचं कुळ माहीत नको?

खरा रोग वेगळाच आहे, तो म्हणजे इंटिग्रेटेड. नाव आमच्या कॉलेजच्या पटावर, पोरगा दिवसभर क्लासमध्ये. बारावीला बायोलॉजीचे ३० मार्क प्रॅक्टिकलचे, पण पोरं थेट परीक्षेच्या दिवशी उगवतात. मायक्रोस्कोपला डोळा कुठून लावायचा इथून सुरुवात. जर्नल दुसऱ्याच्या अक्षरात. कांद्याचा पापुद्रा काढून स्लाइडवर ठेवायला सांगितला तर अख्खी पाकळी ठेवणारे बघितलेत मी. पालक वर येऊन सांगतात, "सर, मार्क तेवढे द्या, त्याचं नीटवर लक्ष आहे." आणि मग हेच पालक गोडी मेली म्हणून धागे काढतात.

गोदाकाठ, तुमची मुलगी इंटिग्रेटेडला होती का हो?

गोदाकाठ
होती. नाशकात दुसरा पर्याय होता का ते सांगा. रेग्युलर कॉलेजात तास होत नाहीत म्हणून मुलं क्लासला जातात, आणि मुलं येत नाहीत म्हणून तास होत नाहीत. यात पालकालाच आरोपी करणं मला पटत नाही. तुम्ही तळमळीनं शिकवलं असेल सर, पण तुमच्यासारखे तिला मिळाले नाहीत.

बत्तीशी
चंद्रपूरला माझा दाताचा दवाखाना आहे, बीडीएस.

आधी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. खालून पक्का दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं. हाड झिजवणाऱ्या पेशींसारख्याच पेशी ते काम करतात आणि तो माल शरीर परत घेतं. म्हणून पडलेला दुधाचा दात खालून पोकळ, नुसती टोपी असते. मूळ मोडून पडलेलं नसतं. तिला म्हणावं, हा प्रश्न बीडीएसच्या पहिल्या वर्षाचा आहे आणि तो तिला आत्ताच पडलाय.

सर, तंबाखूचं कुळ माहीत असावं, मान्य. पण आमच्याकडं खर्ऱ्यात तंबाखूबरोबर सुपारी असते, आणि तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनं. ती तर ताडामाडाच्या कुळातली. रोज असा एखादा पेशंट समोर बसतो. वय पंचविशीच्या आत, गालाच्या आतला भाग पांढुरका आणि चामड्यासारखा ताठ. तोंड उघडा म्हटलं की माझी दोन बोटं आत जात नाहीत. दाढ किडलेली दिसते, पण हत्यार आत घालायला जागा नाही. हे कुळ पाठ करून कळत नाही सर, आणि पुस्तकात नाही म्हणून सोडूनही देता येत नाही.

तरी बायोलॉजी लागतेच, आणि भरपूर लागते. खालच्या दाढेला भूल देताना नस डोळ्यांना दिसत नाही. जबड्याच्या हाडाची कड अंगठ्यानं चाचपून अंदाजानं सुई घालायची असते. भुलीच्या औषधात ॲड्रेनॅलिन असतं, समोर बीपीचा पेशंट. पहिल्या वर्षाला मानवी शरीराची ॲनाटॉमी, फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्री आहे, नुसते दात नाहीत. त्यामुळे 'दाताच्या डॉक्टरला एवढं कशाला' हा सूर इथं कोणी लावू नये.

आता परभणीकर. तुमचं ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मी बारावी झाले तेव्हा सीईटीसुद्धा नव्हती, बारावीच्या पीसीबीच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) मार्कांवर प्रवेश व्हायचे. मला एमबीबीएस मिळत होतं. मी डेंटल घेतलं.

परभणीकर
मॅडम, आदर आहे, पण हे प्रत्येक डेंटिस्ट म्हणतो. आमच्या बॅचला कॅप राउंडमध्ये, प्रवेशाच्या फेऱ्यांत, बघितलं ना. एमबीबीएसच्या जागा भरतात आणि मग खाली बीडीएस, आयुर्वेदाचं बीएएमएस. पसंतीक्रमात डेंटल पहिलं टाकणारा एकही मित्र मला भेटला नाही.

बत्तीशी
गुणपत्रिका दाखवायला मी इथं आलेले नाही. तुम्हाला जो भेटला नाही तो जगात नाही, हा हिशेब मेडिकल कॉलेजात शिकवतात का? घरी बसवलेल्या म्हाताऱ्याला कवळी करून दिल्यावर तो पहिल्यांदा भाकरी चावतो, ते तुमच्या पसंतीक्रमात कुठं बसतं? 'उरलेले' हा शब्द ऐकत आम्ही पाच वर्षं काढतो आणि मग आयुष्यभर. लग्नाच्या बोलण्यातसुद्धा 'खरे डॉक्टर की दाताचे' असं विचारलंय मला. आणि हे बोलणाऱ्याची अक्कलदाढ रात्री दोन वाजता ठणकते तेव्हा फोन मलाच येतो.

रानपाखरू
बत्तीशी ताईंना अनुमोदन, पण खरं तेही सांगा. माझ्या भावानं खाजगी कॉलेजातून बीडीएस केलं. फीसाठी बाबांनी शेत गहाण ठेवलं. बाहेर पडल्यावर दुसऱ्याच्या क्लिनिकात जो पगार मिळाला त्यात भाडं आणि मेस. एमडीएसशिवाय (बीडीएसनंतरच्या पदवीशिवाय) विचारत नाहीत, एमडीएसला परत नीट. लोक डेंटल खाली टाकतात ते उगाच नाही. त्यांना दातांचा तिटकारा नसतो, ते पोटाचा विचार करतात.

बत्तीशी
हे मान्य करते. मनाविरुद्ध, पण करते. कॉलेजं वाढली, सरकारी नोकऱ्या त्या मानानं नगण्य. मग यावर बोला ना. म्हणून तो पोरगा 'उरलेला' ठरत नाही.

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत माझ्या मुलीनं डीएटी दिली, डेंटलची वेगळी परीक्षा. मेडिकलशी संबंध नाही, त्यामुळे 'उरलेले' हा वादच नाही. विज्ञानाच्या १०० प्रश्नांत बायोलॉजीचे ४०. शिवाय ९० प्रश्नांचा एक भाग निव्वळ नजरेचा : कोन लहानमोठे ओळखा, घडी घालून भोकं पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा. हाताचं आणि नजरेचं काम आहे म्हणून. कॅनडात तर काही वर्षांपूर्वीपर्यंत साबणाची वडी कोरायला लावायचे.

पण गोदाकाठ, बायोलॉजीवर तीही रडलीच. तिथं ठरलेलं एकच पुस्तक नाही. पेशीपासून परिसंस्थेपर्यंत काहीही येतं, कुठं थांबायचं ते कोणी सांगत नाही. ती म्हणायची, निदान कोणी एक पुस्तक हातात द्या, मी पाठ करते. तुमच्याकडं ते आहे.

शेवगा
कोरायला लावा, साबण द्या, खडू द्या. बीडीएसला गेल्यावर मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायला लागतेच ना डॉक्टर? मग जी पोरं बारावीपर्यंत हातात चिमटासुद्धा धरत नाहीत ती काय करणार? परत तोच मुद्दा, प्रॅक्टिकल.

बत्तीशी
लागते. पहिल्या वर्षी निम्म्या वर्गाच्या दाढा बटाट्यासारख्या होतात. इथं सर बरोबर आहेत, इंटिग्रेटेडचं तुणतुणं सोडलं तर.

परभणीकर
डीएटीसारखी वेगळी परीक्षा इथं आणली की तिचे वेगळे क्लास निघतील, वेगळी फी. कागदाच्या घड्या शिकवायलाही लाख रुपये घेतील. परवडणारे पुढं जातील. मी तरी एका पुस्तकाच्या बाजूनंच राहणार. दातांचा धडा परत घाला, त्याला माझी ना नाही. कीटक-बेडूक दुरुस्त करा, तेही ठीक. पण प्रश्न ओळीवरूनच यायला हवेत.

'हुकल्यावर' हे लिहिलं त्यावर मॅडम एवढ्या चिडतील असं वाटलं नव्हतं. माझं निरीक्षण तेच आहे, पण गोदाकाठ काकांच्या मुलीला ते लागू नाही असं धरून चालतो.

बत्तीशी
'धरून चालतो.' बरं.

गोदाकाठ
परभणीकर, एक पुस्तक असावं हे मला तुमची गोष्ट वाचून पटलं. त्या एका पुस्तकावर गाव-शहर सारखं होतं, हे मी नाशकात बसून बघितलं नव्हतं. पण त्याच पुस्तकावरून सरांनी सांगितला तसा रक्ताच्या खड्ड्याचा प्रश्न विचारता येतो आणि ४२७ चाही विचारता येतो. दोन्ही ओएमआरवर बसतात. दुसराच का निवडायचा, याचं उत्तर इथं कोणी दिलेलं नाही.

सर, राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात 'ह्युमन न्यूट्रिशन' या धड्यात दात अजून आहेत, हे मला आत्ता मुलीनंच दाखवलं. नीटला येत नाही म्हणून क्लासनं तो धडा उघडूच दिला नव्हता. ती आज रात्री तो वाचणार म्हणतेय. मी अडवलेलं नाही, उद्या टेस्ट असली तरी.

शेवगा
वाचू द्या. आणि दाताच्या उभ्या छेदाची आकृती बघून न बघता काढायला सांगा. अडलं तर इथं विचारा. मी आहे, डॉक्टर आहेत.