मदत हवी आहे: शिश्नावर दोन प्रकारच्या पुटकुळ्या, कोणत्या साध्या आणि कोणत्या दाखवायच्या?

अनामिक
वय २४. शिश्नमुंडाच्या कडेने बारीक पांढरट पुटकुळ्यांची रांग आहे, प्रत्येक जेमतेम १ मिमी. दुखत नाहीत, खाजत नाहीत, वर्षभर जशाच्या तशा आहेत. आता त्याशिवाय मुळाशी, केसांच्या भागात, ३-४ मिमीचे दोन फोड आलेत. गुळगुळीत, चकचकीत, मधोमध खळगा. तिथे रेझर फिरवतो. निरोधाशिवाय संबंध तीन महिन्यांपूर्वी. घरात चामखिळीचं औषध पडलंय, लावून बघू का?

त्वचाविचार
नको, अजिबात नको. त्या औषधात बहुधा सॅलिसिलिक आम्ल असतं आणि ते तळपायाच्या जाड कातडीसाठी केलेलं असतं. इथली त्वचा पातळ. ती भाजते, जखम होते, आणि मग मुळात काय होतं हे तपासणाऱ्यालाही कळत नाही.

तुमचे प्रश्न दोन आहेत. कडेची रांग वर्णनावरून पर्ली पेनाइल पॅप्यूल्स वाटते. १ ते २ मिमी, एकसारखे दाणे, एक-दोन ओळींत शिश्नमुंडाभोवती. पौगंडावस्थेनंतर दिसू लागतात, वयाबरोबर फिके पडतात. हा संसर्ग नाही, अस्वच्छता नाही, जोडीदाराला लागत नाही. घासून जात नाहीत, उलट घासल्याने सालपटं निघतात. उपचार लागत नाही. लेझरने काढता येतात, पण ती केवळ दिसण्याची हौस.

अनामिक
हायसं वाटलं. मग मुळाशी आहेत ते केसतोड असावेत का?

त्वचाविचार
केसतोड लाल असतो, दाबला की दुखतो, टोकाला पू किंवा आत वळलेला केस दिसतो आणि बहुतेक वेळा आठवडाभरात ओसरतो. गुळगुळीत, न दुखणारा आणि मधोमध खळगा असलेला फोड म्हटलं की पहिला संशय मोलस्कमचा. हा विषाणू त्वचेला त्वचा लागून पसरतो, टॉवेल आणि रेझरवरूनही. संसर्गानंतर फोड दिसायला दोन आठवड्यांपासून सहा महिने लागू शकतात, त्यामुळे तुमची तीन महिन्यांची तारीख त्यात बसते. पण तो फक्त संबंधातूनच आला असं त्यावरून ठरत नाही.

रेझर आजच बंद करा. पातं एका फोडावरून फिरलं की आतला मेणासारखा गर बाजूच्या बारीक ओरखड्यांत जातो आणि दोनाचे वीस होतात. नखाने फोडलं तरी तेच. निरोगी माणसात बहुतेकदा ६ ते १२ महिन्यांत आपोआप जातात, कधी त्याहून उशिरा. प्रौढांत जननेंद्रियावर असतील तर पसरू नयेत म्हणून डॉक्टर गोठवून किंवा खरवडून काढतात.

कोरडी_पट्टी
खाजेवरची मिश्र मलमं मिळतात ना, त्यांच्याबद्दलही सांगायला हवं. त्यात बुरशीच्या औषधासोबत जोरदार स्टिरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते म्हणून माणूस खूश होतो. तिथली प्रतिकारशक्ती दबल्यामुळे मोलस्कम आणि चामखिळी मात्र निवांत वाढतात. डॉक्टरांनाही मग अर्धवट झाकलेलं चित्र दिसतं.

शंकासुर
व्हिनेगर लावून पांढरं झालं तर चामखीळ, असं वाचलं होतं. घरी करता येईल ना?

त्वचाविचार
करू नका. सूज, घर्षण, बुरशी यांनीही त्वचा पांढरी पडते, त्यामुळे ती चाचणी नको त्याला चामखीळ ठरवते. वर झोंबतं ते निराळंच.

जननेंद्रियावरची चामखीळ एचपीव्ही विषाणूची, त्यातही बहुतेक वेळा ६ आणि ११ या प्रकारांची. पृष्ठभाग खरबरीत, फुलकोबीसारखा, आकार असमान, एकीला लागून दुसरी. रांग वगैरे नाही. संसर्गानंतर काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांनी दिसते. कर्करोगाशी मुख्यतः १६ आणि १८ हे प्रकार जोडलेले आहेत, म्हणून चामखीळ दिसली की लगेच कर्करोग असं समीकरण मांडू नका. घरी लावायची खास औषधं आहेत, पण निदान झाल्यावरच. त्यातलं पोडोफायलोटॉक्सिन गरोदरपणात चालत नाही.

चपट्या, ओलसर, राखाडी-पांढऱ्या गाठी मात्र चामखीळ समजून जाळल्या जातात आणि निघतो उपदंश, म्हणजे सिफिलिस. त्यामुळे शंका असेल तर औषधाआधी रक्ततपासणी.

वाचक_मैत्रीण
स्त्रियांसाठीही लिहाल का? आतल्या भगोष्ठांवर मऊ गुलाबी दाणे असतील तर?

कोरडी_पट्टी
दोन्ही बाजूंना सारखे, मऊ, आणि प्रत्येक दाण्याचं बूड वेगळं असेल तर ती शरीराची नेहमीची ठेवण असते. चामखिळीत अनेक टोकं एकाच बुडातून निघतात. त्वचा ताणल्यावर दिसणारे पिवळसर ठिपके म्हणजे तैलग्रंथी; पुरुषांतही असतात, ओठांवरसुद्धा दिसतात. योनिमुखाच्या खालच्या भागात एका बाजूला गाठ आली, बसता येईना, ताप आला, तर बार्थोलिन ग्रंथीचं गळू समजून त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

अनामिक
थांबायचं कधी आणि धावायचं कधी?

त्वचाविचार
वर्षानुवर्षं न बदललेलं सवडीने दाखवलं तरी चालतं. नवीन, वाढणारं, रक्त येणारं असेल तर या आठवड्यात.

घोळक्याने आलेले पाण्याचे फोड, आग, लघवीला जळजळ: हर्पीसची शक्यता. शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत जा, कारण फोड ओले असतानाच नमुना नीट मिळतो आणि गोळ्यांचा उपयोगही तेव्हाच जास्त.

न दुखणारा, कडक काठाचा एकच व्रण आणि जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ: हा उपदंश असू शकतो. यात लोक हमखास फसतात, कारण व्रण ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरतो आणि रोग आत चालूच राहतो. सुरुवातीला रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते. संबंधानंतर ९० दिवसांनी पुन्हा करावी लागते.

रात्री खाज वाढते, अंडकोशावर गाठी, घरात आणखी कुणाला खाज: खरूज. तीन-चार आठवडे न भरणारी जखम किंवा कडक गाठ असेल तर तुकडा तपासायला हवा. आणि गाठ त्वचेवर नसून वृषणातच लागली तर हा धागा सोडा, मूत्ररोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी करा.

तुम्ही त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांकडे जा. जाण्याआधी काही लावू नका, आधी लावलेल्या मलमांचे फोटो ठेवा, फोडाशेजारी मोजपट्टी धरून एक फोटो काढा. एचआयव्ही आणि उपदंशाची तपासणी स्वतःहून मागा. तीन महिने उलटल्याने निकाल विश्वासार्ह येतील.

अनामिक
शुक्रवारची वेळ घेतली. तोवर निरोध वापरला तर चालेल?

त्वचाविचार
मुळाशी असलेले फोड निरोधाने झाकले जात नाहीत. निदान होईपर्यंत संबंध टाळा, टॉवेल वेगळा ठेवा.