मदत हवी आहे: शनिवारी भाषण आहे, कसं लिहू? (तातडीचं)

बांधावरचा | ३१ डिसेंबर, रात्री १०:४०
नमस्कार मंडळी. शनिवारी ३ तारखेला सावित्रीबाई फुले जयंती, मला प्रमुख पाहुणा केलंय. नाही म्हणून बघितलं, ऐकेनात. आयुष्यात माइक एकदाच हातात धरलाय, खतवाल्यांच्या शेतकरी मेळाव्यात, तोही 'हॅलो हॅलो चेक' म्हणायला. नेटवरून एक भाषण उतरवून घेतलं, आठ पानं भरली. बायकोला वाचून दाखवलं तर दुसऱ्या पानावर ती मेथी निवडायला उठली. लोक ऐकतील असं भाषण कसं लिहायचं? कुणाकडे तयार असेल तर इथंच टाका. आणि कृपया 'आत्मविश्वास ठेवा' सांगू नका. दुकान सांभाळून हे करतोय, वेळ नाही.

ठाणेकर_७७ | ३१ डिसेंबर, रात्री १०:५२
चॅटजीपीटी. दोन मिनिटांचं काम. धागा कशाला?

मी_मुग्धा | ३१ डिसेंबर, रात्री ११:०५
कुणासमोर बोलायचंय? किती वेळ? कॉलेज, बचत गट, ग्रामपंचायत? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

टेक्सासची_काकू | १ जानेवारी, पहाटे २:१०
नववर्षाच्या शुभेच्छा सगळ्यांना! मी सहा वर्षं टोस्टमास्टर्सला (भाषणाचा सराव करायचा क्लब) जाते. आमच्याकडे नेहमीचं भाषण ५ ते ७ मिनिटांचं. पाचला हिरवा दिवा, सहाला पिवळा, सातला लाल. शिवाय तुम्ही किती वेळा 'अं' म्हणालात ते मोजायला एक माणूस बसलेला असतो. माझे पहिल्या भाषणात ३१ झाले होते, आता दोन-तीन. तुमच्या जवळच्या शहरात क्लब नक्की असेल, नाव घाला.

काळी_माती | १ जानेवारी, सकाळी ७:३०
काकू, त्यांचं भाषण परवा आहे.

बांधावरचा | १ जानेवारी, सकाळी ९:१५
शाळेत आहे हो. जयंती असते ना शाळेत, तसंच. वेळेचं कुणी काही बोललं नाही. ठाणेकर, तुमचं ऐकून ते पण केलं. 'स्त्री-सक्षमीकरणाच्या बहुआयामी वाटचालीतील तेजस्वी दीपस्तंभ' असं आलं. हे बोललो तर लोक बियाणं घ्यायला आले की वर्षभर मला दीपस्तंभ म्हणतील.

सदू_मास्तर | १ जानेवारी, सकाळी ९:४०
शाळा म्हणजे कुठली, हायस्कूल की जिल्हा परिषदेची? ३४ वर्षं शिक्षक होतो, प्रमुख पाहुणे शेकड्यांनी पाहिलेत. कार्यक्रम कसा चालतो ते सांगतो. प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. मग मुलांची भाषणं: "मी आज तुम्हाला दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतपणे ऐकून घ्यावे ही माझी नम्र विनंती." मग मान्यवरांची मनोगतं. तुमची पाळी येते तेव्हा ऊन सतरंजीवर आलेलं असतं, पहिलीची पोरं पुढच्याच्या पाठीवर बोटानं अक्षरं काढत असतात, आणि खिचडीचा वास सुटलेला असतो. तेव्हा तीन गोष्टी सांगा. मुलं कितवीची, तुमच्या आधी कोण कोण बोलणार, आणि खिचडी किती वाजता.

अनुस्वार | १ जानेवारी, सकाळी १०:०२
मूळ भाषण 'ज्योतिबा' लिहून आलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. ते स्वतः 'जोतीराव' लिहीत. यच्चयावत फलकांवर 'ज्यो' असतो.

ठाणेकर_७७ | १ जानेवारी, सकाळी १०:१०
बोलताना ऱ्हस्व-दीर्घ कुणाला दिसणार आहे?

अनुस्वार | १ जानेवारी, सकाळी १०:१४
ज आणि ज्य ऐकू येतो. ऱ्हस्व-दीर्घाचा इथं संबंध नाही.

करंडकवीर | १ जानेवारी, दुपारी १२:२०
आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा गाजवलेला माणूस म्हणून सांगतो. भाषण पडतं ते सुरुवातीला. ओळखीपाळखी न करता थेट कवितेने उघडायचं, आवाज वरच्या पट्टीत. सावित्रीबाईंचा स्वतःचा 'काव्यफुले' संग्रह १८५४ चा आहे, त्यातल्या ओळी घ्या. मध्ये तीन ठिकाणी टाळ्यांची वाक्यं पेरा आणि त्यांच्यानंतर थांबा. टाळी आपणहून येत नाही, तिला जागा करून द्यावी लागते.

सदू_मास्तर | १ जानेवारी, दुपारी १२:४५
ही स्पर्धा नाही. परीक्षकांसमोर पट्टी वर नेतात. लहान मुलांसमोर आवाज चढवला की त्यांना वाटतं गुरुजी चिडले.

करंडकवीर | १ जानेवारी, दुपारी १२:५१
मास्तर, या पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. लोक दोन-दोन तास ऐकत. वक्तृत्वाला नावं ठेवायची फॅशन आता आलीय.

काळी_माती | १ जानेवारी, दुपारी १:०५
तिथे लोक पायांनी चालत, ऐकायचं म्हणून जात. शाळेतल्या पोरांना मांडी घालून बसवलेलं असतं.

बांधावरचा | १ जानेवारी, दुपारी ३:३०
गिऱ्हाईक होतं. जि. प. शाळा, पहिली ते सातवी, १४० पोरं. पालक मेळावा पण त्याच दिवशी ठेवलाय, म्हणजे आया येणार साठ-सत्तर. माझ्या आधी पंधरा मुलांची भाषणं, मग सरपंच, मग केंद्रप्रमुख. शनिवार म्हणजे सकाळची शाळा, खिचडी साडेदहाला. मी शाळेला पाण्याचा फिल्टर दिला म्हणून बोलावलंय, विचारवंत म्हणून नाही.

जलतज्ज्ञ | १ जानेवारी, दुपारी ३:३८
आरओ दिलात की नुसता यूव्ही? बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती आहे? ५०० च्या आत असेल तर आरओ उगाच, पाणी वाया जातं.

मी_मुग्धा | १ जानेवारी, दुपारी ४:१०
अहो दादा, हे सगळं काल सांगायचं! समोर पहिलीतलं पोर आणि त्याची आई, दोघं बसणार. म्हणजे आठ पानं गेली कचऱ्यात. पाच मिनिटं धरा. काकूंचे दिवे इथं उपयोगी आहेत, क्लब राहू द्या.
आता तुमच्या आधी सतरा जण काय बोलणार ते आपल्याला पाठ आहे: जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव, सातारा जिल्हा. १८४८, भिडे वाडा, मुलींची शाळा. अंगावर शेण-चिखल फेकायचे म्हणून सोबत जादा साडी. १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना मृत्यू. यातलं काहीही तुम्ही सांगू नका. खरं असूनही नको. अठराव्यांदा ऐकलेली साडी कुणाला दिसत नाही.
त्यापेक्षा मुक्ताबाई घ्या. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. शाळकरी पोर, आणि त्यात मोठमोठ्या पंडितांना सुनावते की तुमची बडबड बाजूला ठेवा, मी सांगते ते ऐका. सावित्रीबाई काय करत होत्या हे सांगायला त्यांनी शिकवलेली ही एक मुलगी पुरे आहे.

करंडकवीर | १ जानेवारी, दुपारी ४:३०
वा. मग मेजर कँडी या इंग्रज साहेबाचा किस्सा घ्याच. साहेबाने खुश होऊन मुक्ताला खाऊ दिला, तर ती म्हणाली खाऊ नको, ग्रंथालय द्या. टाळी हमखास.

अनुस्वार | १ जानेवारी, दुपारी ४:४१
हा किस्सा सगळीकडे फिरतो, मुळाचा पत्ता देताना मात्र कुणी दिसत नाही. ज्याच्यावर हात ठेवून दाखवता येईल ते बोलावं. निबंध आहे, छापलेला आहे. वयाचंही तेच, कुणी ११ लिहितं, कुणी १४. 'तुमच्याएवढी' म्हणा.

ठाणेकर_७७ | १ जानेवारी, दुपारी ४:५०
आज पहिल्यांदा अनुस्वारांशी सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

टेक्सासची_काकू | १ जानेवारी, संध्या. ६:१५
हात खिशात घालू नका हं. आणि आरशासमोर सराव करा.

काळी_माती | १ जानेवारी, संध्या. ६:४०
आरशासमोर नको. मेथी निवडणाऱ्या वहिनींसमोर करा. त्या उठल्या की तो परिच्छेद काढायचा.

बांधावरचा | १ जानेवारी, रात्री १०:२०
मुक्ताबाईंबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. दुकान बंद केल्यावर बिलबुकाच्या मागं हे लिहिलंय:
"पोरांनो, सातवीच्या मुलींनी जरा हात वर करा. तुमच्याएवढीच एक मुलगी होती, मुक्ता. तिला शाळेत एकदा लिहायला बसवलं. आपण लिहितो तसा तिनं गाईवर निबंध लिहिला नाही. तिनं आपल्या घरच्यांवर लिहिला."
इथं अडलोय. तिची जात सांगायची का? आमच्याकडं सगळे समाज आहेत, समोरच बसलेले असणार. केंद्रप्रमुखांना फोन केला तर म्हणाले, कशाला, 'गरीब घरची मुलगी' म्हणा. कुणाला वाईट वाटायला नको.

ठाणेकर_७७ | १ जानेवारी, रात्री १०:३१
केंद्रप्रमुख बरोबर बोलतात. लहान मुलांत जात कशाला आणायची?

सदू_मास्तर | १ जानेवारी, रात्री १०:५०
निबंधाच्या नावातच आहे ती. काढली तर उरतं काय? ती गरिबीवर लिहीतच नव्हती.

काळी_माती | १ जानेवारी, रात्री ११:२५
मी त्याच समाजातला. आमच्या शाळेत दर ३ जानेवारीला आई माझ्यासोबत यायची आणि सगळ्यात मागं, हातपंपाच्या कट्ट्याशी बसायची. एवढ्या भाषणांत आमच्यातल्या कुणाचं नाव तिनं कधी ऐकलं नाही. 'दीनदुबळे', 'तळागाळातले' असे शब्द यायचे, आणि शिक्षक ते म्हणताना आमच्या रांगेकडं बघायचे. 'मातंग समाजातली मुक्ता' असं सरळ, एकदाच म्हणा, आवाज न पाडता. आणि म्हणताना आमच्या पोरांकडं बघू नका. सगळ्यांकडं बघा.
त्या निबंधात एक जागा आहे. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात त्यांना किती दुःख होत असेल, असं ती लिहिते. समोर साठ आया बसणार म्हणता ना? तेवढं सांगा आणि पुढं लगेच बोलू नका.

बांधावरचा | १ जानेवारी, रात्री ११:४०
दादा, लिहून घेतलं.

ठाणेकर_७७ | १ जानेवारी, रात्री ११:५५
माझी वरची कमेंट मागे घेतो.

करंडकवीर | २ जानेवारी, सकाळी ८:१०
शेवट पाण्यावर करा. फुल्यांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. तुम्ही शाळेला पाणी दिलंत. काय सांधा जुळतोय!

सदू_मास्तर | २ जानेवारी, सकाळी ८:२२
अजिबात नको. फुल्यांना त्या हौदापायी काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, आणि यांना फिल्टरपायी शाल मिळतेय. फिल्टरचं नाव मुख्याध्यापक घेतील, चार वेळा घेतील.

जलतज्ज्ञ | २ जानेवारी, सकाळी ९:००
टीडीएस?

मी_मुग्धा | २ जानेवारी, सकाळी ९:२५
शेवटी मुलांना फक्त इतकं विचारा की तुम्ही तुमच्या घरच्यांवर निबंध लिहिला तर पहिलं वाक्य काय असेल. उत्तर मागू नका. खाली बसा. सुरुवातीला 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणून नऊ नावं घ्यावी लागतील, त्याला इलाज नाही. चिठ्ठीवर लिहा, नाहीतर उपसरपंच राहतील आणि गिऱ्हाईक जाईल.

बांधावरचा | ३ जानेवारी, दुपारी १:४५
झालं. साडेचार मिनिटं. कार्यक्रम पुढं ढकलत ढकलत माझी पाळी दहा पंचविसाला आली. सरपंचांनी एकट्यांनी बावीस मिनिटं खाल्ली. जादा साडी मोजून अकरा वेळा आली, मी बोटं धरून बसलो होतो. माझ्या वेळेला माइक शिट्ट्या मारायला लागला, म्हणून ठेवून दिला आणि खाली उतरून सतरंजीच्या कडेला उभा राहून बोललो. 'अं' किती झाले ते विचारू नका काकू.
काळी माती दादा, तुम्ही सांगितलेलं छपराचं वाक्य बोललो आणि थांबलो. मागं भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीनं शेजारणीला काहीतरी सांगितलं, मग दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. काय म्हणाली ते कळलं नाही. टाळ्या शेवटी वाजल्या, पण त्या खिचडीचं पातेलं उघडल्याच्याही असतील.
आता नवीन अडचण. सातवीतली एक मुलगी हात धुवायच्या रांगेतून बाहेर येऊन विचारायला लागली, तो निबंध पूर्ण कुठं मिळेल. शाळेत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, सोमवारी बघू. मी तिला सोमवारी आणून देतो म्हणून बसलोय. कुणाकडे असेल तर इथं टाका, तातडीचं आहे.

जलतज्ज्ञ | ३ जानेवारी, दुपारी १:५८
अभिनंदन. टीडीएस राहिला.

बांधावरचा | ३ जानेवारी, दुपारी २:०१
६२०. आता निबंधाचं बोला.