मदत हवी आहे: पासवर्ड बरोबर, तरी उबुंटूत लॉगिन होत नाही (आठपैकी तीनच मशीनवर)

नमस्कार. आमच्या गावातल्या वाचनालयात मुलांसाठी आठ जुने डेस्कटॉप आहेत, सगळ्यांवर उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार). त्यांची देखभाल मी करते. लिनक्स करता करताच शिकले, त्यामुळे काही सांगायचं राहिलं असेल तर विचारा.

सोमवारी सकाळपासून तीन मशीनवर कुणालाच आत जाता येत नाही. यादीतून नाव निवडायचं, पासवर्ड टाकायचा, की लगेच चुकीचा म्हणून परत. दहावीच्या मुलांचे प्रकल्प त्याच मशीनमध्ये अर्धवट पडून आहेत, म्हणून नव्याने इन्स्टॉल करायचा सल्ला कृपया देऊ नका.

डिस्क भरलेली नाही. होम फोल्डरची मालकी ज्याची त्याच्याकडे आहे. शॅडो फाइलमध्ये पासवर्डचं सांकेतिक रूप, म्हणजे हॅश असतो; त्याच्या आधी उद्गारचिन्ह नाही, म्हणजे खातं बंद केलेलं नाही. पासवर्डची मुदतही संपलेली नाही.

मला कळत नाही ते पुढचं. माझ्या लॅपटॉपवरून एसएसएच केलं (म्हणजे नेटवर्कवरून त्या मशीनमध्ये लॉगिन), तर त्याच नावाने आणि त्याच पासवर्डने आत जाता येतं. पण प्रत्येक वेळी नाही! कधी नाकारतं, आणि थोड्या वेळाने तोच पासवर्ड घेतं. एसएसएचमधून नवीन पासवर्ड देऊन पाहिला, तरी मशीनसमोर बसलं की पुन्हा तेच. दोन दिवस यातच गेलेत आणि मुलं रोज येऊन विचारून जातात.

प्रतिसाद
ताई, इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात असं वाटतं. कधी घेतं, कधी नाही, हे लक्षण फेललॉकचं आहे, म्हणजे पासवर्ड वारंवार चुकला की खातं काही वेळ बंद करणाऱ्या सोयीचं. उबुंटूत ते आपोआप चालू नसतं, कुणीतरी मुद्दाम बसवलं असणार. मूळ सेटिंग तसंच असेल, तर पंधरा मिनिटांत तीनदा चुकलं की खातं ६०० सेकंद बंद. त्या दहा मिनिटांत बरोबर पासवर्डही चालत नाही, आणि एसएसएचलाही तोच नियम लागतो. ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींची फाइल) 'खातं तात्पुरतं बंद' अशा अर्थाची ओळ दिसते का बघा. फेललॉक कमांडला युजरचं नाव दिलंत की चुकलेले प्रयत्न वेळेसकट दिसतील, रीसेट जोडलंत की पुसले जातील. पण ते काढून टाकू नका. आधी तीनदा का चुकतंय, ते शोधायचंय.

धागाकर्ती
ती ओळ आहे! आधीच्या गृहस्थांनी आठही मशीनवर फेललॉक लावलं होतं, ते मला आज कळलं. रीसेट केलं. त्यानंतर समोरून पहिल्याच प्रयत्नाला पुन्हा चुकीचा.

प्रतिसाद
एसएसएचने आत जाता येतं म्हणजे हॅश ठीक, शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) ठीक, खातं ठीक. मग उरतो कीबोर्ड. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके उमटतात, त्यामुळे काय टाइप होतंय ते कळतच नाही. लॉगिनच्या पडद्यावर यादीखाली 'यादीत नाही' असा पर्याय असतो, तो दाबा. तिथे युजरचं नाव लिहायची चौकट येते आणि तिच्यात अक्षरं दिसतात. एच आणि जे दाबून काय उमटतं ते सांगा. आणि या तीन मशीनवर अलीकडे वेगळं काय केलंत?

धागाकर्ती
'पर' उमटलं!

आता सगळं लक्षात आलं. मुलांना मराठी टायपिंग यावं ही माझी फार दिवसांची इच्छा. रविवारी प्रयोग म्हणून तीन मशीनवर मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरीचा कीबोर्ड लेआउट) लावलं, आणि मुलं चुकून इंग्रजीवर जाऊ नयेत म्हणून इंग्रजी काढूनच टाकलं. ते मी सिस्टिमच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये केलं, म्हणजे लॉगिनच्या पडद्यालाही तेच लागू झालं. एकच भाषा उरल्यामुळे वर कोपऱ्यात भाषेची खूणही नव्हती. मुलं बरोबर कळा दाबत होती, मशीनला देवनागरी पोचत होतं. तीन चुका झाल्या की फेललॉक दार लावून घ्यायचं.

पण मराठी मला काढायची नाही. काय करू?

प्रतिसाद
काढू नकाच. एसएसएचने आत जा, इटीसीखाली डिफॉल्ट फोल्डरमध्ये कीबोर्ड नावाची फाइल आहे. तिच्यातल्या लेआउटच्या ओळीत आधी यूएस (इंग्रजी), मग स्वल्पविराम, मग आत्ता आहे ते इन (भारतीय). व्हेरियंटच्या (लेआउटच्या उपप्रकाराच्या) ओळीत काही लिहिलेलं असेल तर त्याच्या आधीही स्वल्पविराम द्या, नाहीतर ते इंग्रजीला चिकटेल. मग रीस्टार्ट. लॉगिनला इंग्रजी येईल, आत गेल्यावर मुलं सुपर (विंडोजची खूण असलेली कळ) आणि स्पेस दाबून मराठीवर जातील. फेललॉकच्या नोंदी मेमरीत असतात, त्या रीस्टार्टने तशाही जातात.

धागाकर्ती
तिन्ही मशीन सुरू झाली. व्हेरियंटच्या स्वल्पविरामाचं सांगितलंत ते बरं झालं, मी तिथेच चुकले असते. एका मुलीने आत गेल्या गेल्या फाइल उघडून सगळी पानं आहेत का ते मोजलं, आहेत. दोघांचेही मनापासून आभार. उरलेल्या पाच मशीनवर शनिवारी मराठी लावते, या वेळी इंग्रजी पहिली ठेवून.