मदत हवी आहे: फोटोतला मजकूर सापडतो, पण चौकटीत अनुस्वार आणि उकार मावत नाहीत

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे, म्हणून इथे विचारते. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या काकांची नजर आता बरीच अधू झाली आहे. फोन समोर धरला की पाटीवरचं, दारावर चिकटवलेल्या सूचनेवरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवेल असं छोटं ॲप त्यांच्यासाठी करते आहे. आवाजाचा भाग पटकन झाला. अडलंय ते त्याच्या कितीतरी आधी: फोटोत मजकूर नेमका कुठे आहे हे शोधून तेवढाच तुकडा कापून घेणं.

सुरुवातीला अख्खा फोटो थेट टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या इंजिनला, दिला. स्कॅन केलेल्या पानावर ते छान चालतं, पण भिंत, झाडं, खिडकीची जाळी असलेल्या फोटोत त्याला जाळीचे गजही अक्षरं वाटतात. विखुरलेल्या मजकुरासाठी असलेला त्याचा पर्याय, पीएसएम ११, लावून पाहिला, तर कचरा आणखी वाढला. म्हणून मजकूर शोधण्याचं काम वेगळं काढलं आणि ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीच्या डीएनएन (न्यूरल नेटवर्क) मॉड्यूलमधून ईस्ट हे मजकूर शोधणारं मॉडेल लावलं. २०१७ चं आहे, पण माझ्या साध्या लॅपटॉपवर ग्राफिक्स कार्ड नसतानाही चालतं.

सध्या असं करते: फोनचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. तो ३२० बाय ३२० करून ईस्टला देते. मॉडेलला किती खात्री आहे त्या स्कोअरचा उंबरठा ०.५ आणि एकमेकींवर पडलेल्या चौकटी गाळण्याचा ०.४. उरलेल्या चौकटी मूळ फोटोच्या मापात आणते, पिलो या पायथनच्या चित्र-लायब्ररीने तुकडे कापते आणि टेसरॅक्टला मराठी डेटा लावून वाचायला देते.

आता अडचणी. मोठी अक्षरं सापडतात, बारीक अजिबात नाहीत. दुसरं, काही फोटोंत चौकट स्क्रीनवर रंगवली की अगदी मजकुरावर बसलेली दिसते, पण कापलेला तुकडा उघडला तर त्यात नुसती भिंत. यात दोन रात्री गेल्या.

आणि तिसरी, जिच्यासाठी खरं तर हा धागा काढला. चौकट योग्य जागी येते, शब्द पूर्ण दिसतो, पण चौकटीची वरची कड शिरोरेखेला घासून जाते आणि खालची कड अक्षरांच्या पायाशी थांबते. सूचना होती ‘लिफ्ट बंद आहे, जिना पुढे आहे’. ॲपने वाचलं ‘लिफ्ट बद आहे, जिना पढे आहे’. काकांनी ते तीनदा ऐकलं आणि मला विचारलं, ‘बद म्हणजे काय गं?’ तुकडा मोठा करून पाहिला, तर अनुस्वाराचा ठिपका कापला गेला होता आणि ‘पु’चा उकार मुळाशीच तुटला होता. वाचणाऱ्या इंजिनचा दोष नाही. त्याला दिलेल्या चित्रात ते नव्हतंच.

सरसकट सगळीकडून २० पिक्सेल वाढवून पाहिले. मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या तुकड्यात येऊन बसतात आणि टेसरॅक्ट त्यांना स्वल्पविराम, उद्गारचिन्ह असं काहीबाही समजतं. यातून वाट कशी काढायची?

प्रतिसाद १

काकांसाठी करताय हे वाचून बरं वाटलं. पहिल्या दोन अडचणी सुटण्यासारख्या आहेत, त्या आधी घेऊ.

३२० बाय ३२० हे माप नमुना कोडमध्ये असतं आणि सगळे तसंच उचलतात. तुमच्या फोटोचं काय होतं ते पाहा. उंची साधारण ९.४ पट आकसते, रुंदी १२.५ पट. म्हणजे अक्षर लहान तर होतंच, शिवाय आडव्या अंगाने चेपलं जातं. मूळ फोटोत ६० पिक्सेल उंच असलेलं अक्षर मॉडेलपर्यंत जेमतेम ६ पिक्सेलचं पोचतं. त्यात ईस्टचा निकालाचा नकाशा, म्हणजे कुठल्या घरात मजकूर आहे ते सांगणारा तक्ता, दिलेल्या चित्राच्या पाव मापाचा असतो, म्हणजे त्या अक्षराच्या वाट्याला दीडएक घर. ते सापडणार कसं?

ईस्टला लांबी आणि रुंदी दोन्ही ३२ च्या पटीत लागतात, चौरसच हवा असं काही नाही. १२८० बाय ९६० द्या. दोन्ही ३२ च्या पटीत आहेत, प्रमाण टिकतं आणि तेच अक्षर १९ पिक्सेलचं राहतं. वेळ वाढेल, पण तुमच्या कामाला सेकंदभर जास्त लागला तर चालावं. फोन उभा धरला असेल तर ९६० बाय १२८०.

भिंतीचा तुकडा येतो ते उभ्या धरून काढलेल्या फोटोंतच होतं का, बघा. फोन बऱ्याचदा पिक्सेल आडवेच साठवतो आणि ‘हे फिरवून दाखवा’ एवढी खूण एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीत, ठेवतो. ओपनसीव्हीचं चित्र उघडणारं इमरीड ती खूण मानून चित्र फिरवून देतं. पिलोचं ओपन तसं करत नाही, तिथे एक्झिफ-ट्रान्सपोज स्वतः बोलवावं लागतं. तुमची चौकट फिरवलेल्या चित्रावर मोजली जाते आणि कापली जाते न फिरवलेल्यावर. एकाच वाचकाने चित्र एकदाच उघडा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात भर घालतो, कारण मात्रा कापल्या जाण्याची दोन कारणं मला वेगवेगळी दिसतात.

तुमच्या कोडमध्ये कोन वापरलाय का? ईस्ट प्रत्येक घरासाठी पाच आकडे देतं: चारही कडांपर्यंतची अंतरं आणि एक कोन. बरंचसं फिरतं कोड तो कोन शेवटी टाकून देतं आणि सरळ उभी-आडवी चौकट काढतं. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्या हातून फोटो थोडा तिरका येणारच. ६०० पिक्सेल लांबीची ओळ ५ अंशांनी कलली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५२ पिक्सेल चढ पडतो, जवळपास तुमच्या अक्षराच्या उंचीएवढा. सरळ चौकटीत मग एका टोकाचे अनुस्वार जातात, दुसऱ्या टोकाचे उकार. नव्या ओपनसीव्हीत ईस्टसाठी तयार वर्ग (क्लास) आहे, तो चार कोपरे देतो. क्रम डावा-खालचा, डावा-वरचा, उजवा-वरचा, उजवा-खालचा असा आहे. त्या चार बिंदूंवरून पर्स्पेक्टिव्ह बदलून ओळ सरळ करा आणि मगच कापा.

दुसरं कारण लिपीचं. ईस्टचं जे तयार मॉडेल सगळे उतरवून घेतात ते लॅटिन पाट्यांवर शिकलेलं आहे. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे एक पट्टा. देवनागरीत तीन मजले आहेत: शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मधे मूळ अक्षर, खाली उकार, ऋकार. मॉडेल मधला मजला पकडतं, कारण शाई तिथेच दाट असते.

आणि ही चूक गुणपत्रिकेत दिसतही नाही. मजकूर शोधकांची परीक्षा बहुतेक वेळा खरी चौकट आणि सापडलेली चौकट यांच्या आच्छादनावर होते. सामाईक भाग एकत्रित भागाच्या निम्म्याहून जास्त असला की पास. खरी चौकट ८० पिक्सेल उंच आणि वरचे २० कापले गेले, तर प्रमाण ०.७५ येतं. उत्तम गुण, आणि ‘बंद’चा ‘बद’ झालेला. म्हणून शोधक निवडताना नुसत्या आकड्यावर जाऊ नका. तुमच्याच चाळीस-पन्नास फोटोंवर हाताने चौकटी आखा आणि वेगळं मोजा: किती शब्दांत वरचा किंवा खालचा मजला तुटला.

उपाय म्हणून मी हे करतो. सरळ केलेल्या तुकड्याचं काळं-पांढरं रूप घ्यायचं आणि प्रत्येक आडव्या रांगेतले काळे पिक्सेल मोजायचे. सगळ्यात उंच शिखर बहुधा शिरोरेखेचं. मग वरच्या कडेला शाई टेकते आहे का ते बघायचं. टेकत असेल तर दोन-दोन पिक्सेल वर सरकत रिकामी रांग लागेपर्यंत जायचं. पण इथे एक अडतं: शिरोरेखा आणि अनुस्वार यांच्यात एक फट असते. पहिल्याच रिकाम्या रांगेशी थांबलात तर ठिपका बाहेरच. म्हणून शिरोरेखेपासून पायापर्यंतच्या उंचीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतकं वर जायचं आणि त्यापुढे रिकामी रांग शोधायची. खाली तशी फट नसते, उकार अक्षराला जोडलेला असतो, तिथे पहिली रिकामी रांग पुरते.

वाढवल्यावर शेजारच्या ओळीचे तुकडे आले तर जोडलेले काळे ठिपके वेगळे काढा आणि ज्यांचं मध्य शेजारच्या ओळीच्या चौकटीत पडतं ते पुसून टाका. तुम्हाला दिसणारे ते खोटे स्वल्पविराम यानेच जातील. शेवटी तुकड्याभोवती १० पिक्सेल पांढरी किनार लावा आणि एका ओळीसाठीचा पीएसएम ७ वापरा.

प्रतिसाद ३

मॉडेल बदलायची तयारी असेल तर मजकूर शोधणारं २०२० चं डीबी पाहा, पॅडलओसीआर या मजकूर वाचण्याच्या तयार संचात आहे. ते आधी मजकुराचा आक्रसलेला गाभा शोधतं आणि मग तो फुगवतं. किती फुगवायचं ते अनक्लिप रेशोवर: क्षेत्रफळ गुणिले रेशो भागिले परिमिती. २०० बाय ४० चा गाभा असेल तर १.५ ला चहूबाजूंनी २५ पिक्सेल, २ ला ३३. देवनागरीला थोडा चढा रेशो मानवतो. फक्त ते चारही बाजूंना सारखंच फुगतं, म्हणून दाट ओळी एकमेकींत मिसळतात. ओळी सुट्या असल्या तरच वापरा.

नवं मॉडेल शिकवणार असाल तर आयसीडीएआर या परिषदेचा २०१९ चा पाट्यांच्या फोटोंचा बहुभाषिक संच घ्या. २०१७ च्या नऊ भाषांत देवनागरी नव्हती, २०१९ मध्ये हिंदी आली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उभ्या फोटोंचंच होतं ते! इमरीड आणि पिलो असे दोन वाचक होते, पिलो काढून टाकलं. माप १२८० बाय ९६० केलं, कोन वापरला आणि चार कोपऱ्यांवरून ओळी सरळ केल्या. निम्म्याहून जास्त तुटलेले अनुस्वार तेवढ्यानेच परत आले. म्हणजे मी लिपीवर ढकलत होते त्यातला मोठा वाटा तिरकेपणाचा होता.

शिरोरेखेची युक्ती काल रात्री बसवली. ‘पुढे’ आता ‘पुढे’च वाचलं जातं. काकांना आज तोच फोटो पुन्हा ऐकवला, ते म्हणाले, ‘हं, बंद आहे होय.’

एक राहिलंय. काही पाट्यांवर शिरोरेखा न देता लिहिलेली अक्षरं असतात. तिथे शिखर सापडत नाही आणि माझं कोड अक्षराच्या पोटालाच शिरोरेखा समजतं. काय करावं?

प्रतिसाद २

शिखराची रुंदी तपासा. खरी शिरोरेखा शब्दाच्या बहुतेक रुंदीभर पसरते आणि तुकड्याच्या वरच्या अर्ध्यात असते. दोन्हींपैकी एकही अट मोडली तर शिरोरेखा नाही असं धरा आणि सापडलेल्या चौकटीची उंची मोजून वर-खाली तिचा एकेक तृतीयांश वाढवा. मग शेजारच्या ओळीची सफाई तीच. असे दोन-चार तुकडे इथे टाकलेत तर मीही चालवून बघतो.