आजीच्या वाटेत सोफा (चिपळूणच्या घरचा ग्रुप)

आत्या: काल रात्री आईच्या वॉकरचा पाय टीपॉयला अडकला. दिवाण हाताशी होता म्हणून वाचली. खुब्याचं ऑपरेशन होऊन दीडच महिना झालाय. तिच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत तीन फूट मोकळी वाट हवी. आजच.

दादा: टीपॉय रात्रीच माडीवर नेला. खरी अडचण एल-सोफ्याची आहे. हॉल १० बाय १४, सोफ्याची लांब बाजू नेमकी वाटेत येते.

पुण्याचे काका: तो सोफा आईसाठीच पाठवला होता. दिवाळीत सगळे त्याच्यावरच बसला होतात.

वहिनी: काका, सोफा छानच आहे. पण बैठक मऊ, आजी आत रुततात. गुडघे खुब्याच्या वर जातात आणि डॉक्टरांनी तेच टाळायला सांगितलंय.

पुण्याचे काका: मग दिवाणावर बसवा.

दादा: दिवाण विटांवर आहे. तिचे पाय टेकत नाहीत.

धाकटी काकू: विटा अजून काढल्या नाहीत?

दादा: २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी घरात आली ते विसरलात का? पाऊस संपेपर्यंत विटा राहू देत.

धाकटी काकू: मी कशी विसरेन? चार दिवस चिखल उपसत होते. बाकी कोण कुठे होतं, ते बोलत नाही.

पुण्याचे काका: रस्ते बंद होते. किती वेळा सांगू?

दुबईची ताई: सोफा गच्चीवर न्या, पुढच्या पुरात होडी होईल.

आत्या: परत लिहिते. तीन फूट मोकळी वाट. आज.

वहिनी: आजोबांची सागवानी खुर्ची माडीवर आहे ना? पुरात शोकेसचा प्लाय फुगला, तिला काही झालं नाही. बैठक दीड फूट उंच, दोन्ही हातांवर रेटा देऊन उठता येईल.

दुबईची ताई: हे बेस्ट. टीव्हीची वायरही वाटेत आडवी आहे, आणि दारातलं पायपुसणं उचला.

पुण्याचे काका: आणि मखर कुठे? कोपरा मोकळा ठेवा.

आत्या: गणपतीला तीन आठवडे आहेत. आई रात्री तीनदा उठते. तीन फूट.

दादा: सोफ्याची लांब बाजू सुटी होते. चार बोल्ट काढून पडवीत ठेवली. टेप लावला, सव्वातीन फूट. आजी खुर्चीत बसून चहा घेतेय.

पुण्याचे काका: पडवीत झड येते. वर ताडपत्री टाक.

दादा: टाकतो.

आत्या: वायर?